जिंकायचं नाहीच, पण पापड पळाला पाहिजे

१ डिसेंबर, रविवार

आजपासून ठरलं. स्पर्धेचा फक्त आनंद घ्यायचा. जिंकण्याचा विचारही मनात आणायचा नाही. त्यासाठी सराव मात्र कडक पाहिजे.

पुढंमागं मलाच वाचायला उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो. गेल्या रविवारी बीड बायपासच्या एका लॉनवर श्वानप्रेमी मंडळाची डॉग अजिलिटी झाली. कुत्र्यानं अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, उभ्या काठ्यांमधून नागमोडी पळायचं, तिरप्या फळीवरून चढून उतरायचं. मालकानं बाजूनं धावत सांगायचं, हात लावायचा नाही. आपला पापड पहिल्या दोन उड्या झकास मारून प्रेक्षकांत गेला, एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून बसला, मग परत येऊन त्यानं उरलेल्या उड्या शेवटाकडून मारल्या. लोक हसून बेजार. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो. विशाखा म्हणाली, व्हीआरएस घेतल्यापासून तुम्हाला असं हसताना पहिल्यांदाच पाहू राहिले.

मग शेजारचा इंद्रजीत आला. त्याचा ब्रूनो पहिला आला होता. म्हणाला, नाना, तुमचा पापड लई एन्जॉय करतो राव.

आठवडाभर विचार केला. टोमणाच होता.

पुढची स्पर्धा ९ फेब्रुवारीला. आनंद घ्यायला भरपूर वेळ आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

क्रांती चौकातून ट्रॅकसूट आणि स्टॉपवॉच आणलं. टाइम घेणं वेगळं आणि जिंकायची हाव वेगळी. वाळूजच्या कंपनीत सगळी नोकरी क्वालिटीत काढली, मोजल्याशिवाय पार्ट पास करणं रक्तातच नाही.

बोगदा घरीच केला. पाण्याच्या तीन निळ्या ड्रमपैकी एकाचं बूड कापलं. तोंड तर उघडंच होतं. आडवा ठेवला की झाला बोगदा. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, पण दोन ड्रम आणि वरची टाकी जपून वापरली तर निभतं. जपून वापरायची सवय विशाखाला लागली पाहिजे.

विशाखा शाळेतून आली. मुख्याध्यापिका असल्यामुळे ती आधी बघते, मग बोलते. ड्रमकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, पाणी संपल्यावर आंघोळीला काय स्टॉपवॉच ओतू का अंगावर?

पापड बोगद्यात गेला आणि तिथंच झोपला. सुरुवात चांगली आहे.

८ डिसेंबर, रविवार

सराव वाया गेला. नळाला पाणी आलं.

आमच्याकडे पाणी येतं म्हणजे काय होतं, हे मोजायच्या नजरेनं आज पहिल्यांदा बघितलं. आधी नळात हवा फुसफुसते. विशाखा जिन्यातून ‘पाणी आलं’ अशी आरोळी ठोकते आणि जो असेल तो पळत सुटतो. एक पाईप ड्रममध्ये, एक मोटारीला, मध्ये बादल्या, हंडे, घागरी. पापडला हा सणच वाटतो. तो आमच्या पुढं, पाईपांवरून उड्या, बादल्यांमधून वळणं, जिन्यावरून गच्चीवर, गच्चीवरून खाली, परत वर. शेपूट वर, जीभ बाहेर. विशाखा, चल रे पापड्या, चल, करत त्याच्या मागं. अमृता पुण्याला नोकरीला जाण्याआधी तीही असायची. पापड खरं म्हणजे लेकीचाच. वेरूळला लेणी बघून आलो तेव्हा पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू, तिनं ओढणीत गुंडाळून आणलं. एक कान उभा, दुसरा भाजलेल्या पापडासारखा वळलेला, म्हणून पापड.

मी सहज बटण दाबलं. उड्यांवर उड्या, एकही चूक नाही, आणि वेग असा की मी दोनदा बघितलं. हेच सरावात करायला याला काय होतं?

निष्कर्ष: पाण्याच्या दिवशी एनर्जी फुकट जाते. पुढच्या वेळी बांधून ठेवायचा.

१५ डिसेंबर, रविवार

स्पर्धेसाठी नाव बदललं. माइकवरून ‘पापड’ पुकारलं की लोक हसतात आणि कुत्र्याचा कॉन्फिडन्स जातो. नवीन नाव रॉकेट. सकाळपासून रॉकेट, रॉकेट अशा हाका मारल्या. वळून बघत नाही. विशाखानं स्वयंपाकघरातून हळूच पापड म्हटलं तर बाहेरच्या गेटपासून धावत गेला. घरातले लोकच प्रोजेक्टला सपोर्ट करत नाहीत.

१७ डिसेंबर, मंगळवार

पाणी आलं. पापडला गेटला बांधला. सगळं पाणी भरून होईपर्यंत तो ओरडत होता, शेवटी आवाज बसला. विशाखा एकटीच पाईप ओढत होती, कारण मी त्याच्याजवळ थांबून त्याला एकाग्रता शिकवत होतो. दोन ड्रम लवकर भरले, तिसऱ्यात भरण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणजे बूड. शनिवारी टँकर मागवावा लागणार. हिशोबात थोडी तफावत.

२२ डिसेंबर, रविवार

इंटरनेटवर वाचलं, बक्षिसाचा खाऊ एकदम खास पाहिजे. जुन्या शहरात जाऊन नान-कलिया आणला. मटणाचे तुकडे काढून धुतले, डबीत भरले. एका उडीला एक तुकडा. पापडनं अशा उड्या मारल्या की मी स्वतः टाळ्या वाजवल्या. दिवस सुंदर गेला. आनंद म्हणतात तो हाच.

२३ डिसेंबर, सोमवार

पापडचं पोट बिघडलं. तर्री धुतल्यानं जात नाही असं दिसतं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हणालो, हवा बदललीय. अमृताचा व्हिडिओ कॉल आला, तिलाही हवाच सांगितली. ती म्हणाली, बाबा, तो तुमच्या पायाशी का नाही बसलेला? नेहमी तिथंच असतो. मी म्हणालो, थंडीमुळे. हवेवर आज बरंच ढकललं.

२९ डिसेंबर, रविवार

नवीन निरीक्षण. मी ट्रॅकसूट घातला की पापड दिवाणाखाली जाऊन बसतो. मोठ्या खेळाडूंचंही असं असतं, मॅचच्या आधी त्यांना एकांत लागतो. विशाखाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही जिंकायचं नाय म्हणू राहिले अन् कुत्रं घाबरू राहिलं. मी तिला फ्रिजवर लावलेला कागद दाखवला. त्यावर मी मार्करनं लिहिलंय, ‘आनंद हाच विजय’. ती म्हणाली, हे कुत्र्याला वाचता येतं का?

५ जानेवारी, रविवार

इंद्रजीत काय करतो ते बघायचं ठरवलं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीमागं उभा राहिलो. तो अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होता आणि मधूनमधून एक जुना चेंडू फेकत होता. ब्रूनो आणत होता. कधी आणत नव्हता. मग दोघंही उन्हात बसले. बाकी काही नाही.

म्हणजे चेंडूतच काहीतरी आहे. उद्या आणतो.

६ जानेवारी, सोमवार

चेंडू आणला. पापडनं एकदा आणून दिला, मी टाइम सांगितला, नंतर तो चेंडूकडेही जात नाही. दुपारी इंद्रजीत गेटपाशी थांबला. म्हणाला, नाना, बुरा नका मानू, आठ दिवस त्याला सुट्टी द्या. मी बी सराव बंद केलाय. मी हसून मान डोलावली. प्रतिस्पर्ध्याला सराव बंद करायला सांगणं ही जुनी चाल आहे. वाळूजला परचेसवाले आमच्याशी असंच गोड बोलायचे.

१४ जानेवारी, मंगळवार

आज नामविस्तार दिन. विद्यापीठ गेटला जाणं आमच्या घरात कधी चुकलं नाही. अमृता लहान होती तेव्हा तिला खांद्यावर बसवून नेलंय, गर्दीत तिची चप्पल हरवली होती, तरी गेटला हात लावूनच परतलो. सकाळी विशाखा पांढरी साडी नेसून तयार झाली. मी म्हणालो, तू हो पुढं, काठ्यांचा सराव तेवढा उरकतो आणि आलोच.

काठ्या जमत नव्हत्या. पापड दोन काठ्या करतो आणि थांबून माझ्या तोंडाकडे बघतो. बघायला सांगितलेलं नाही. आणखी एकदा, आणखी एकदा, असं करता करता ऊन उतरलं.

विशाखा परत आली. हातात पुस्तकांच्या स्टॉलवरची पिशवी. दरवर्षी एक माझ्यासाठी असतं. या वर्षी नव्हतं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती पापडशेजारी जमिनीवर बसली आणि त्याचा वळलेला कान चोळत राहिली.

हे एक वर्ष चुकलं. स्पर्धा झाली की पुढच्या वर्षी सगळ्यांत आधी जाईन.

२१ जानेवारी, मंगळवार

आज उडीचा इशारा द्यायला हात वर केला तर पापड खाली दबला. डोळे मिटून घेतले. मी त्याला कधी मारलेलं नाही. आयुष्यात कुणावर हात टाकलेला नाही. आवाज चढला असेल. शॉपफ्लोअरवर मशिनींमुळे मोठ्यानं बोलायची सवय लागते.

सराव तिथंच थांबवला. स्टॉपवॉच मात्र चालूच राहिलं, जेवताना खिशात टिकटिकत होतं.

उद्यापासून हळू आवाज. पक्कं.

२२ जानेवारी, बुधवार

हळू आवाज सकाळी टिकला. संध्याकाळी पापड बोगद्यात शिरून बाहेर येईना. ड्रमच्या तोंडाशी बसून मी बराच वेळ समजावलं. आतून त्याचे फक्त डोळे दिसत होते. मग आवाज थोडा चढला. ड्रममध्ये घुमतो, त्यामुळे जास्त वाटला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अमृता आली. मुद्दाम स्पर्धेसाठी सुट्टी काढून. रिक्षा गेटपाशी थांबली आणि पापडचं जे काय झालं ते लिहिता येत नाही. रडल्यासारखा आवाज काढत तिच्याभोवती गोल गोल पळत होता. तिची पर्स, बॅग, चपला, सगळ्यांवरून उड्या. मी घाईनं स्टॉपवॉच काढलं. बटणाचा क्लिक झाला मात्र, तो जागच्या जागी बसला. खाली थोडं ओलं झालं.

अमृतानं ते बघितलं. मी म्हणालो, उत्साह. तिनं फडकं आणून पुसलं. जेवताना बोलली. म्हणाली, बाबा, तो तुम्हाला घाबरतो. माझ्या फ्लॅटवर कुत्रा चालतो, मी त्याला घेऊन जाते.

मी ताट बाजूला सारलं. हे इथंच लिहितो. अमृता पुण्याला निघून गेली तेव्हा घरात मी आणि तोच होतो. विशाखा शाळेत, मी रिटायर, दिवसभर बोलायला पापडच. तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून ऐकायचा. कंपनीतल्या सगळ्या गोष्टी त्याला माहीत आहेत.

मी म्हणालो, रविवारी बघ तू. किती आनंदात पळतो ते बघ, मग ठरव. तिनं विशाखाकडे बघितलं. विशाखा म्हणाली, बघू दे त्यांना. अमृता हो म्हणाली. रविवारी पापड आनंदात पळाला तर इथं राहील, नाहीतर तिच्याबरोबर जाईल. ठरलं.

आता खरंच जिंकायचं नाही. फक्त आनंद. तो दिसला म्हणजे झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आनंदाचा थोडा सराव घेतला. फार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

क्रमानं लिहितो.

लॉनवर ऊन छान होतं. ब्रूनो आमच्या आधी पळाला, टाइम चांगला, पण उडीची एक दांडी पाडली. म्हणजे संधी होती. म्हणजे असती, कुणाला जिंकायचं असतं तर.

माइकवरून रॉकेट पुकारलं. पापडला सुरुवातीच्या रेषेवर नेलं, पट्टा काढला. तो पोट टेकून बसला. मी हळू आवाजात सांगितलं. परत हळू आवाजात सांगितलं. तो माझ्या बुटांकडे बघत राहिला. दोरीपलीकडे अमृता आणि विशाखा उभ्या. अमृताचं तोंड मला बघवेना.

तेवढ्यात विशाखाचा फोन वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज, पाण्याचा वार नसताना नळ आले. सवयच ती, तिच्या तोंडून नेहमीची आरोळी निघाली, पाणी आलं.

पापडचा उभा कान ताठ झाला. वळलेलाही अर्धा उठला. आणि तो सुटला.

पहिली उडी, दुसरी, तिसरी. बोगदा असा पार केला की कापड फडफडलं. काठ्यांमधून बादल्यांमधून जातो तसा गेला. फळीवरून वर, फळीवरून खाली, जिनाच तो त्याचा. शेपूट वर, जीभ बाहेर. लोक उभे राहिले. अमृता दोन्ही हात तोंडावर ठेवून हसत होती, रडत होती. विशाखा दोरीच्या कडेनं पळत होती, चल रे पापड्या, चल. मी जागेवरच उभा. माझेही डोळे भरले होते, हे खरं आहे.

मग मी स्टॉपवॉच बघितलं.

ब्रूनोपेक्षा पुढं होतो. बराच पुढं. एक दांडी उरली होती, फक्त एक, डाव्या हाताला. पापड सरळ विशाखाच्या दिशेनं निघाला होता. दांडी चुकली असती तर काय झालं असतं? काही नाही. नंबर गेला असता. तो हसत तिच्याकडे पोचला असता आणि संध्याकाळी माझ्या पायाशी बसला असता. हे मला आता, लिहिताना कळतंय. तेव्हा मी ओरडलो, रॉकेट, लेफ्ट. शॉपफ्लोअरचा आवाज.

तो धावता धावता खाली बसला. पोट गवताला टेकलं. डोळे मिटले. गवत ओलं झालं.

कुणी हसलं नाही. मागच्या वेळी सगळे हसले होते. अमृता दोरी ओलांडून आत आली आणि तिनं त्याला उचललं. पंचांनी शिट्टी वाजवली, कारण हात लावायचा नसतो. तिला ते ऐकूच गेलं नसावं. विशाखा माझ्याजवळ आली, माझ्या हातातलं स्टॉपवॉच घेतलं आणि बंद केलं.

आजचं पाणी आमच्याकडे कुणीच भरलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

अमृता पापडला घेऊन पुण्याला गेली. भाड्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर जुनी चादर टाकली. मी त्याच्यासाठी डबी भरून दिली, साधं उकडलेलं चिकन. पट्टा हातात देताना मी वाकलो तर त्यानं माझा हात चाटला. एकदाच. मग तिच्या मागं लपला.

अमृता म्हणाली, बाबा, तुम्ही या तिकडं त्याला भेटायला, पण घड्याळ नका आणू. मी म्हणालो, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे, हवापालट होईल. ती म्हणाली, बाबा. आणि तिनं पापडला गाडीत बसवलं.

इंद्रजीतचा ब्रूनो एक दांडी पाडूनही पहिला आला. मला याचं काहीच वाटत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं पूर्ववत केलं. दांड्या, काठ्या गच्चीवर टाकल्या. ड्रम उचलून नळापाशी होता तिथं उभा केला. फ्रिजवरचा कागद निघता निघेना, मागं चिकटपट्टीचे डाग राहिले. ट्रॅकसूट धुवायला टाकावा म्हटलं, तर पाणी नाही. टँकर उद्या.

घर फार शांत आहे. कंपनीतली एक गोष्ट आठवली आणि बोलायला तोंड उघडलं, तर समोर दिवाण.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी नळ फुसफुसला. विशाखा शाळेत गेली होती. मी जिन्यात येऊन ‘पाणी आलं’ म्हणून ओरडलो. मग पुन्हा एकदा ओरडलो. जिन्यावर माझ्या पुढं कुणीच पळालं नाही.

एक पाईप ड्रममध्ये सोडला, मोटार चालू केली आणि गच्चीवर गेलो. टाकी भरायला वेळ लागतो. मी कठड्याशी बसून राहिलो. पुण्यात चोवीस तास पाणी येत असेल तर पापडला हे कधी ऐकूच येणार नाही, असं काहीतरी डोक्यात आलं. किती वेळ बसलो ते मोजलं नाही.

खालून इंद्रजीतनं हाक मारली. नाना, पाणी चाललंय. कठड्यावरून वाकून बघितलं. अंगण भरून पाणी गेटबाहेर रस्त्यावर चाललं होतं. पाईप ड्रममध्येच होता. ड्रम नळापाशी उभा होता. ड्रमला बूड नव्हतं.

मी वरून सांगितलं, माहितीय, मुद्दाम सोडलंय, अंगण धुवायला काढलंय.

त्यानं वर माझ्याकडे बघितलं. गेट उघडून आत आला आणि त्यानं नळ बंद केला.